गुडघा वेगळा, बोटं वेगळी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा मुलगा पुण्यात नोकरीला, आई खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पलीकडच्या एका गावात. आईंचं वय ५८, वजन ७४ किलो, उंची बेताची. चार वर्षांपासून दोन्ही गुडघे दुखतात. खाली बसलं की उठवत नाही. मेडिकलमधून आणलेल्या दुखायच्या गोळ्यांनी पित्त खवळतं, म्हणून आता सगळं नैसर्गिकच करायचं असं घरात ठरलंय. रात्री हळदीचं दूध, निर्गुडीच्या पाल्याचा शेक, आंबट बंद, वांगं बंद. शेजारच्या गावातला एकजण बिब्बा घालून देतो म्हणतोय. खात्रीचा घरगुती उपाय कोणता आणि ऑपरेशन टळेल का, असा प्रश्न. आणि अगदी शेवटी, जाता जाता, एक ओळ: "दोन महिने झाले, सकाळी हाताची बोटंही आखडतात, भाकरी थापता येत नाही."

मी बेळगावात शहापूरला २६ वर्षं दवाखाना चालवतो. शिकलो आयुर्वेद. निर्गुडी, रास्ना, सुंठ, एरंडेल यांच्याशी माझा रोजचा संबंध, त्यामुळे घरगुती उपायांना नाकं मुरडणाऱ्यांतला मी नाही. पण तुमचं सगळं वाचून माझी नजर अडकली ती त्या शेवटच्या ओळीवर. गुडघ्यांचं आपण निवांत बघू. बोटांना तेवढी सवड नाही.

आपल्याकडे कुठलाही सांधा दुखला की वात आला म्हणतात. कन्नड बोलणारे पेशंट 'मोणकाल नोवु' म्हणत येतात, मराठी बोलणारे 'गुडघं दुखूलालेत' म्हणत येतात, पण कशाने असेल असं विचारलं की दोघंही एकाच शब्दावर येऊन थांबतात: वात. शब्द सोयीचा आहे. घोळ असा की त्याच्या पोटात निदान चार निरनिराळे आजार आहेत, आणि एकाला जे मानवतं ते दुसऱ्याला बाधतं.

पहिली सांध्याची झीज, आमच्या भाषेत संधिगत वात. ही बहुधा गुडघ्यात. वापरलं की दुखतं, बसलं की बरं वाटतं; सकाळची आखड पाच-दहा मिनिटांची, फार तर अर्ध्या तासाची. दुसरा आमवात. यात शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्तीच सांध्याच्या अस्तरावर उठते. दोन्ही हातांची बोटं, मनगटं एकदम धरतात, आखड तासभर किंवा त्याहून जास्त टिकते, आणि गंमत म्हणजे हालचाल केली की सुटत जाते. अंगात कणकण, थकवा, भूक मंद. बायकांमध्ये हा पुरुषांच्या दोन-तीन पट आढळतो. तिसरं युरिक ॲसिडचं दुखणं, वातरक्त. माणूस रात्री धडधाकट झोपतो आणि पहाटे पायाचा अंगठा इतका लाल आणि हुळहुळा होतो की पांघरूणसुद्धा सहन होत नाही. चौथं साथीच्या तापानंतरचं. २००६ साली चिकुनगुनियाची मोठी साथ उत्तर कर्नाटकात आणि महाराष्ट्रात आली, तेव्हा गावंच्या गावं भिंतीला धरून चालत होती. ती सांधेदुखी कुणाची तीन आठवड्यांत गेली, कुणाची वर्षभर राहिली. बहुतेकांची आपोआप उतरली, पण उतरत असताना जो ज्या झाडाचा पाला खात होता त्या झाडाला श्रेय मिळालं. 'आमच्याकडं अमक्या मुळीनं बरं झालं' अशी जी कहाणी तुम्हाला दर चार घरांत ऐकू येते, तिच्यातली बरीच त्या वर्षातली आहे.

या चौघांपलीकडचं एक, जे कधीच घरी ठेवायचं नाही: एकच सांधा अचानक गरम, लाल, टम्म सुजलेला आणि सोबत ताप. सांध्यात पू झालेला असू शकतो. त्याच दिवशी हॉस्पिटल. शेक नाही, लेप नाही.

तर आता आईंच्या बोटांविषयी. त्यांना फोन करून तीन गोष्टी विचारा. सकाळी उठल्यापासून मूठ पूर्ण मिटायला किती वेळ लागतो? सूज बोटांच्या टोकाकडच्या पेरांना आहे की मुळाशी, जिथे बोट तळहाताला मिळतं तिथे? आणि बांगड्या भरताना कासार हात कसा आवळून धरतो, तसं त्या मुळाच्या सांध्यांवर आडवं दाबलं तर कळ येते का? टोकाकडच्या पेरांवर नुसत्याच टणक गाठी असतील, आखड थोडा वेळच असेल, तर ती झीजच. दिसायला वाईट, पण घाबरण्याजोगी नाही. मुळाचे सांधे आणि मनगटं दोन्हीकडे मऊ सुजलेली असतील, दाबल्यावर कळ येत असेल, तासभर मूठ मिटत नसेल, तर आमवात धरूनच चालायचं आणि महिन्याच्या आत तपासण्या करून संधिवाततज्ज्ञ गाठायचा. ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी एवढ्या रक्ततपासण्या पुष्कळ सांगून जातात. फक्त एक लक्षात ठेवा: आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणजे आमवात नाही असं नसतं, आणि पॉझिटिव्ह आला म्हणजे आहेच असंही नसतं. कागद आणि हात दोन्ही बघावे लागतात. बोटांना सूज नसून रात्री मुंग्या येत असतील तर वाट वेगळी. मनगटात दबलेली शीर, थायरॉइड, साखर हे बघावं लागतं.

एवढा आग्रह का, तर माझी स्वतःची चूक आहे. दवाखाना सुरू करून दोनेक वर्षं झाली असतील. उचगावच्या बाजूची एक शिक्षिका यायची, पस्तिशीच्या आतली. मनगटं आणि बोटं सुजलेली. मी तेल दिलं, काढा दिला, पथ्य सांगितलं. थंडीत त्रास वाढायचा, उन्हाळ्यात उतरायचा, आणि उतरला की मी मनातल्या मनात पाठ थोपटून घ्यायचो. असं दीड वर्ष गेलं. मग तिच्या भावाने तिला मिरजेला नेलं तेव्हा एक्स-रेमध्ये मनगटाची हाडं कुरतडलेली निघाली. ती आजही माझ्याकडे येते. राग धरला नाही, हा तिचा मोठेपणा. बोटं करंगळीकडे कलली आहेत, खडू धरताना अंगठ्याचा आधार घ्यावा लागतो. आमवातात हाडांची ही कुरतड बरेचदा पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते आणि एकदा झाली की कुठल्याही पॅथीत मागे फिरत नाही. तिच्यानंतर मी असा पेशंट आधी तज्ज्ञाकडे पाठवतो आणि मग माझं जे काही असेल ते सोबतीला देतो.

तिथे बहुधा मेथोट्रेक्सेट नावाची गोळी सुरू होते. ती आठवड्यातून एकाच दिवशी घ्यायची असते. रोजची समजून रोज घेतली आणि जिवावर बेतलं, असं घडलेलं आहे. म्हणून घरातल्या कॅलेंडरवर तो वार लाल पेनाने गोल करून ठेवा. यकृताच्या आणि रक्ताच्या तपासण्या सांगतील तेव्हा करा. नैसर्गिक नाही म्हणून ती अधेमधे सोडू नका.

आता आमच्या शास्त्रातला एक मुद्दा सांगतो, जो तेलाच्या बाटल्या विकणारे सांगत नाहीत. झिजेच्या सांध्याला स्नेहन, म्हणजे तेल लावणं, चोळणं, हे सांगितलेलं आहे. पण आमवातात, सूज भरात असताना, तेल लावायचंच नाही. तिथे कोरडा शेक. जाड्या कापडात वाळू भरून पुरचुंडी करायची, तव्यावर तापवायची आणि सोसेल इतपत शेकायचं. सोबत हलकं खाणं, सुंठीचं पाणी. म्हणजे दोन आजारांना दोन उलटे उपचार सांगून ठेवलेत. आणि आपण काय करतो, तर एकच बाटली सासूच्या गुडघ्याला आणि सुनेच्या बोटांना! आईंच्या बाबतीत निदान होईपर्यंत हातांना तेल नको, गुडघ्यांना चालेल. सकाळी उठल्यावर कोमट पाण्यात हात बुडवून हळूहळू मूठ उघडझाप करायला सांगा. ते कशालाच बाधत नाही. सांधा हाताला गरमच लागत असेल तर मात्र शेक थांबवा आणि फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं धरा.

बोटांचं इतकं. आता गुडघे, आणि इथे तुमच्या "नैसर्गिक" या शब्दाला खरोखर न्याय मिळतो. कारण झिजेच्या गुडघ्यावर आजवर जे जे तपासलं गेलं, त्यात सगळ्यात भरवशाचे उपाय दोनच, मांडीचा स्नायू आणि वजन. दोन्ही फुकट, दोन्ही कंटाळवाणे, म्हणून त्यांची जाहिरात कुणी करत नाही.

वजनाचं गणित साधं आहे. अंगावरचं एक किलो उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असं मोजून पाहिलेलं आहे. आईंनी सहा महिन्यांत पाच किलो उतरवले तर दर पावलाला वीस किलोंची सूट. गावातलं बाईमाणूस दिवसाकाठी किती पावलं टाकतं त्याचा हिशेब तुम्हीच करा. खानापूरकडे दोन्ही वेळा भात, मधे चार वेळा चहा. चार चहांत दोन-दोन चमचे म्हणजे आठ चमचे साखर, दीडशेच्या आसपास कॅलरी. ती आधी निम्मी करा. रात्रीच्या भाताची एक मूद कमी करून त्या जागी कुळथाची किंवा मुगाची उसळ. एका जेवणाला जोंधळ्याची भाकरी, सोबत जवसाची किंवा कारळ्याची चटणी. उपाशी ठेवू नका; उपाशी ठेवलेल्या आया गुपचूप शेंगदाणे-गूळ खातात, हा माझा अनुभव आहे.

मांडीचा व्यायाम मात्र नीट समजून घ्या, कारण "चाला म्हणाले, चालले, गुडघा जास्तच धरला" ही तक्रार मी आठवड्यातून चारदा ऐकतो. गुडघा हा बिजागरीसारखा सांधा. त्याला जागेवर धरून ठेवणारी दोरी म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू. दुखतं म्हणून माणूस पाय वापरत नाही, वापरत नाही म्हणून स्नायू वाळतो, वाळला की सगळा धक्का थेट हाडावर. मग आणखी दुखतं. हा फेरा चालून तुटत नाही. आधी स्नायू जागा करावा लागतो, चालणं नंतर.

पहिला व्यायाम अंथरुणातच. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघ्याने ती खाली दाबायची. सहा आकडे मोजेपर्यंत दाब, मग सोड. दहा वेळा डावा, दहा वेळा उजवा. दुसरा: उताणं झोपून एक गुडघा वाकवायचा, दुसरा पाय सरळ ताठ ठेवून वीतभर उचलायचा, पाच मोजायचे, सावकाश खाली. तिसरा सगळ्यात कामाचा आणि तो तीन आठवड्यांनी सुरू करायचा: कॉटवर किंवा उंच खुर्चीवर बसून हातांचा आधार न घेता उठायचं, पुन्हा बसायचं. सुरुवातीला खुर्चीवर दोन उश्या टाकून उंची वाढवा, जसं जमेल तशी एकेक काढा. सकाळी चुलीवर पाणी तापेपर्यंत एकदा, संध्याकाळी मालिका लागली की एकदा. वेळ वेगळा काढायला सांगितलं तर कुणी करत नाही. रोजच्या एखाद्या गोष्टीला बांधून दिलं तर करतात.

व्यायामाने थोडं दुखणारच. माझी मोजपट्टी अशी: आज केल्याने वाढलेलं दुखणं उद्या त्याच वेळेपर्यंत पहिल्या जागी आलं तर ठीक, नाही आलं तर संख्या निम्मी करा. बंद करू नका. फरक सहा ते आठ आठवड्यांनी जाणवतो, आणि इथेच बहुतेकजण सुटतात, कारण पंधराव्या दिवशी काहीच बदललेलं नसतं. पावसाळ्यात तुमच्याकडे चार-चार दिवस बाहेर पाऊल टाकता येत नाही हे मला ठाऊक आहे. सोप्यात भिंतीला धरून फेऱ्या मारायच्या.

घरातल्या मांडणीचं काही. उकिडवं बसणं आणि मांडी घालून बसणं हे झिजलेल्या गुडघ्याला सगळ्यात जड. चूल खाली असेल तर गॅसची शेगडी ओट्यावर घ्या. भाजी चिरायला विळीऐवजी टेबल आणि सुरी. संडासात बसवायची कमोडची खुर्ची मिळते. नव्वद टक्के घरांत आई नको म्हणते आणि महिन्याभरात तिच्याशिवाय चालत नाही. भांगलणीला यावर्षी पाठवू नका. लावणीला मी सहसा हो-नाही म्हणत नाही, कारण म्हटलं तरी कुणी ऐकणार नाही. पण चिखलातून पाय उपसताना गुडघा पिळवटतो, तेव्हा निदान अर्धा दिवस. निपाणीकडून विड्या वळणाऱ्या बायका माझ्याकडे येतात. मांडीवर सूप घेऊन सात-आठ तास एकाच बैठकीत. त्यांना बसू नका सांगणं म्हणजे पोट बंद करा सांगणं. मी म्हणतो, दर पंचवीस विड्या झाल्या की एकदा उठून उभी राहा, दोनदा पाय झटक, बस. एवढ्याने गुडघा बरा होतो असं नाही म्हणत, पण संध्याकाळचं दुखणं निभावतं असं त्याच सांगतात.

काठी घ्यायला आईंना लाज वाटेल. खानापूरकडे त्यावर एक तोड आहे, लांब दांड्याची छत्री. तिच्या टोकाला मात्र चांगलं रबर बसवा, नाहीतर शेवाळावर घसरून मांडीचं हाड मोडायचं. काठी किंवा छत्री जो गुडघा जास्त दुखतो त्याच्या विरुद्ध हातात. सगळे त्याच बाजूला धरतात. एकदा उलट करून बघायला सांगा.

आता तुम्ही जे आधी विचारलंत त्यावर येतो. हळद. हळदीत दाह कमी करणारा घटक आहे, कर्क्युमिन, यात शंका नाही. पण तो हळदीत वजनाच्या जेमतेम तीन टक्के. एक चमचा हळद म्हणजे तीनेक ग्रॅम, त्यात कर्क्युमिन नव्वद मिलिग्रॅमच्या आसपास. आणि ज्या चाचण्यांत गुडघ्याला आराम पडलेला दिसला त्यांत रोजचे पाचशे ते पंधराशे मिलिग्रॅम अर्काच्या रूपात दिलेले होते. शिवाय पोटात गेलेलं कर्क्युमिन रक्तात फारसं उतरत नाही. मिऱ्याने ते उतरतं, हे बेंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं. मिऱ्यातल्या पायपरिनबरोबर दिल्यावर माणसांत शोषण वीस पटींनी वाढलं. तेव्हा सांगलीची उत्तम हळद आणा, दुधात चिमूटभर मिरपूड टाका, आई आवडीने पीत असेल तर पिऊ द्या. गुडघा त्याने बरा होईल ही अपेक्षा सोडा. आणि हे वाचून बाजारातल्या मिरीवाल्या कर्क्युमिनच्या कॅप्सूल आणायला धावू नका. मोठ्या मात्रेत त्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा पित्ताशयात खडे असतील तर नकोच.

निर्गुडीचा शेक चांगला आहे. कन्नडमध्ये तिला लक्की म्हणतात, तुमच्या बांधावर असणारच. पाला उकळून त्या पाण्यात फडकं पिळून शेकलं की आखडलेला गुडघा मोकळा होतो. किती वाटा पाल्याचा आणि किती उबेचा हे मी छातीठोक सांगणार नाही. ऊब मोठी आहे. मधुमेह असेल तर पाय बधिर असतात, चटका कळत नाही. आधी दुसऱ्या कुणाच्या हाताने पाणी बघा. रुईचं पान तापवून बांधायची पद्धतही आपल्याकडे आहे. तिचा चीक कातडी सोलतो, आणि तोच हात डोळ्याला लागला तर बुबुळाला इजा होते. निर्गुडी हाताशी असताना रुई कशाला?

पोटात घ्यायच्या औषधांत शल्लकी, म्हणजे साळईचा डिंक, याबद्दल मी त्यातल्या त्यात आशा बाळगतो. गुडघ्याच्या झिजेत झालेल्या लहान चाचण्यांमध्ये वेदना काहीशी कमी झालेली दिसते, माझ्या पेशंटमध्येही दहातले चार-पाचजण बरं वाटतं म्हणतात. तीन महिने देतो, फरक नसेल तर बंद. गुग्गुळाचे योग, म्हणजे गुग्गुळ घालून केलेली मिश्र औषधं, चांगले, पण थायरॉइडची किंवा रक्त पातळ करायची गोळी असेल तर डॉक्टरला सांगितल्याशिवाय नाही. गुळवेलीने यकृताला त्रास झालेले रुग्ण कोविडच्या काळात आपल्याच देशात नोंदले गेले, म्हणून "रोज सकाळी एक ग्लास, काही होत नाही" हे आता मी म्हणत नाही. तांब्याच्या कड्यावरही रीतसर चाचणी झालेली आहे. उपयोग दिसला नाही. हातात शोभत असेल तर घाला.

डिंकाचे लाडू किंवा गोकाकचा करदंट (डिंक, गूळ आणि सुक्या मेव्याची वडी) खाल्ला की गुडघ्यातलं वंगण वाढतं, हे मी माझ्या आजीच्या तोंडूनही ऐकलंय. डिंक पोटात जातो, पचनात तंतूसारखा वागतो, गुडघ्यापर्यंत पोहोचत नाही. पोहोचतो तो गूळ आणि तूप, कमरेपर्यंत. करदंट मला फार आवडतो, पण औषध म्हणून नाही.

आंबट आणि वांगं. आमच्या शास्त्रात आमवाताला दही, मासे, गूळ, उडीद वर्ज्य सांगितलेत. उलट आजच्या चाचण्यांत माशांच्या तेलाने आमवाताच्या वेदना थोड्याफार कमी होतात असं दिसतं. म्हणजे बांगडा आणि तारली यांच्या बाबतीत पोथी आणि प्रयोगशाळा यांचं पटत नाही. मी अशा वेळी पेशंटवर सोडतो: एकच पदार्थ तीन आठवडे बंद, मग चार दिवस खा, आणि वहीत लिहा. दुखलं तर तुमच्यापुरतं वर्ज्य, नाही दुखलं तर खा. एका दमात दही, दूध, टोमॅटो, वांगं, डाळी सगळंच बंद केलेल्या बाया माझ्याकडे येतात तेव्हा त्यांचे गुडघे तसेच असतात, वर अशक्तपणा वाढलेला. युरिक ॲसिडवाल्यांनी दारू, विशेषतः बिअर, बाटलीतली गोड पेयं, काळीज-भेजा हे टाळावं. डाळी आणि पालक यांना उगीच घाबरू नये.

मिरचीबद्दल एक. मिरचीतला तिखट घटक, कॅप्सेसिन, मलमातून लावला तर वेदना कमी होते हे खरं आहे. म्हणून कुणी घरची संकेश्वरी मिरची वाटून गुडघ्याला फासू नये. एकाने फासली होती. रात्रभर ताकाच्या घड्या.

आता बिब्बा. नको. स्पष्ट नको. बिब्ब्याचं तेल उततं, फोड येतात, कातडी जळते आणि त्या आगीपुढे सांध्याचं दुखणं काही दिवस जाणवत नाही, एवढाच त्याचा "गुण". शुद्ध केलेला बिब्बा औषधात वापरतात, पण ते वैद्याच्या हातचं काम, बाजाराच्या दिवशी पारावर बसणाऱ्याचं नाही. तापल्या सळईने डाग देणं तर त्याच्याही पुढचं.

बिब्ब्याहून मला भीती वाटते ती पुडीची. बिनलेबलची, करड्या रंगाची, "पूर्ण आयुर्वेदिक". दोन दिवसांत गुडघा पळायला लागतो. गोकाकच्या बाजूचा एक शेतकरी वर्षभर अशी पुडी घेत होता. चेहरा चंद्रासारखा गोल झालेला, साखर वाढलेली, आणि तो मात्र खूश. मग पुडीवाला यायचा बंद झाला. आठ दिवसांत उलट्या, चक्कर, रक्तदाब घसरलेला, उचलून आणावं लागलं. असल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. ते शरीराच्या स्वतःच्या ग्रंथीला झोपवतं आणि एकाएकी थांबलं की माणूस कोसळतो. दोन दिवसांत सूज उतरवणारी मुळी मी २६ वर्षांत पाहिलेली नाही. आईंनी असं काही घेतलं असेल तर रागावू नका, आणि एकदम बंदही करू नका. पुडी घेऊन डॉक्टरकडे जा.

दुखायच्या गोळ्यांचं पित्त ही तुमची तक्रार रास्त आहे. नुसतं पित्तच नाही, पोटात रक्तस्राव, मूत्रपिंडावर ताण. ब्लड प्रेशरच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच. पण म्हणून सगळं सोडून दात-ओठ खात बसायचीही गरज नाही. डायक्लोफिनॅकचं जेल गुडघ्यावर चोळलं तर पोटात फार कमी जातं आणि गुडघ्यासारख्या वरवरच्या सांध्याला चांगलं लागू पडतं. दुखणं थोडं आवरलं तरच आई व्यायाम करतील, हाही हिशेब आहे.

ऑपरेशन टळेल का, हे एक्स-रेपेक्षा आईंवर अवलंबून आहे. उभं राहून काढलेल्या एक्स-रेमध्ये वाईट दिसणारे गुडघे घेऊन यल्लम्माचा डोंगर चढून आलेले लोक मला माहीत आहेत. चार वर्षांचं दुखणं, वय ५८, व्यायाम अजून सुरूच केलेला नाही; तेव्हा निदान सहा महिने वर सांगितलेलं मनापासून करून बघायला जागा आहे. पण रात्री झोपेतून उठवणारी वेदना, पाय धनुष्यासारखा वाकत जाणं, घरातल्या घरात चालणं बंद होणं, हे आलं तर नैसर्गिकच्या हट्टापायी पाच-सात वर्षं काढू नका. तोवर स्नायू इतका वाळतो की नंतरचं ऑपरेशनही हवं तसं फळत नाही.

आणि बोटांचे फोटो काढायला सांगा. जांबोटीकडून निघून बस बदलत बेळगावात पोहोचेपर्यंत अकरा वाजतात. तोवर हात सुटलेले असतात, सूज उतरलेली असते, आणि डॉक्टर म्हणतो, काही दिसत नाही. पहाटे उठल्याबरोबर, चुलीला हात लावायच्या आधी, दोन्ही हात पंजे पसरून एक आणि मूठ मिटायचा प्रयत्न करताना एक. सलग तीन दिवस. घरात भाचा-पुतण्या कुणीतरी मोबाइलवाला असेलच. ते फोटो आणि मूठ मिटायला किती मिनिटं लागली तो आकडा मला इथेच लिहून पाठवा, मग कुणाकडे आणि किती घाईने जायचं ते बोलू.